साखरेचं बोट

२ ऑक्टोबर १९७८ रोजी सरकारने देशभर प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १५ ते ३५ वयाच्या १० कोटी निरक्षरांना ५ वर्षांत शहाणं करायचं ठरलं होतं. त्यांपैकी २२ माझ्या वाट्याला आले.

मी तेव्हा हायस्कुलात जीवशास्त्र शिकवीत असे. दिवसभर पोरांकडून बेडकांची पोटं फाडून घेणाऱ्या माणसाकडे रात्री आरोग्याचा तास द्यावा, यात कोणालाच काही वावगं दिसलं नाही. वर्ग पहिलीच्या खोलीत भरे. बाक इतके बुटके, की आमचे हमालदादा उत्तर द्यायला उठले की बाकही त्यांच्याबरोबर उठे.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर अमीबा काढला. अमीबाची एक सोय असते. कसाही काढला तरी बरोबरच येतो.

“हा एकपेशीय प्राणी,” मी म्हणालो.

“खात्यात का ह्याला?” भाजीवाल्या मावशींनी विचारलं. (मावशींचं वय सरकारी हिशेबात पस्तीस होतं. ते बरीच वर्षं तेवढंच होतं.)

“नाही.”

“डसतो?”

“नाही.”

“मग मास्तर, त्याचं नि आपलं भांडण तरी काय?”

उत्तर सुचेना, म्हणून मी आठवडाभर अमीबाच शिकवला. आम्हा शिक्षकांची ही जुनी रीत आहे.

मग हृदय काढलं. मटणाच्या दुकानात कामाला असलेला एक पोरगा म्हणाला, “मास्तर, आंबा झ्याक आलाय!” दुसऱ्या दिवशी त्याने बोकडाचं काळीज—म्हणजे आपलं शास्त्रीय हृदय—वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं आणि टेबलावर उभं चिरलं. “ही डावी बाजू बघा, केवढी जाड. शिजता शिजत नाही.” डाव्या बाजूला रक्त साऱ्या अंगभर ढकलायचं असतं, उजवीला शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच, म्हणून हा फरक. पुस्तकातलं हे वाक्य मी अकरा वर्षं घोकून घेत होतो आणि फळ्यावर दोन्ही भिंती सारख्याच काढत होतो.

१९७९ च्या पावसाळ्यात धुणीभांडी करणारी एक मुलगी येईनाशी झाली. हमालदादा तिच्या शेजारचे. ते म्हणाले, “पोराला जुलाब लागल्यात. सासूनं पाणी बंद केलंय. पाणी घातलं की पाणीच बाहेर पडतंय म्हणती.”

सासूबाईंचा तर्क ऐकायला बिनतोड होता. त्या तर्काने किती पोरं गेली असतील, कोण जाणे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ असताना सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजलं. शेकडा ३० च्या घरात मरणारे रोगी ४ च्याही खाली आले. हे मी पुष्कळ नंतर वाचलं. पण त्या पाण्याची कृती लिहिलेला कागद दवाखान्यातल्या नर्सबाईंनी महिन्यापूर्वीच मला दिला होता. तो माझ्या खिशात होता. अमीबा, हृदय झालं की घेणार होतो.

कागद काढला. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट पाजायचं. पोर मलूल दिसलं तर थेट दवाखाना.

“साखर कशाला? गोड लागाया?” मावशी.

मी सांगितलं, आतड्याच्या भिंतीतून मीठ एकटं नीट आत जात नाही, साखरेबरोबर जातं. आणि मग पाणी त्यांच्या मागोमाग.

“म्हंजे साखरेचं बोट धरून मीठ जातंय, नि मिठाच्या मागनं पाणी,” मावशी म्हणाल्या आणि टोपली उचलून चालत्या झाल्या. वर्ग सुटायला अर्धा तास होता. वाटेत त्यांनी वाण्याला झोपेतून उठवलं, हे नंतर कळलं.

पाचव्या दिवशी ती मुलगी पोराला कडेवर घेऊन आली. पोराने माझा खडू तोंडात घातला. मी खूश होऊन बघत होतो.

“मास्तर,” ती म्हणाली, “ही पाण्याची गोष्ट पहिल्याच दिवशी का नाही सांगितली? अमीबा काय पळून जात होता? माझा थोरला गेल्या साली असाच गेला.”

गेल्या साली वर्ग सुरूच झाला नव्हता, असं मला म्हणता आलं असतं. मी हजेरीपट उघडला आणि तिच्या चार गैरहजेऱ्यांवर ‘हजर’ लिहिलं. सरकारी कागदावर मी केलेली ही दुसरी खोटी नोंद. पहिली आठवडाभर रोज केली होती : ‘विषय—अमीबा. वर्गास समजला.’