‘ढ’ आणि अव्यय

व्याकरणाची गोडी लागलेली माणसे मी फार थोडी पाहिली आहेत. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. तेव्हापासून किती पिढ्यांनी त्यातले नियम पाठ केले असतील, आणि परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी सोडून दिले असतील, कोण जाणे! पण चौथीच्या वर्गावर वर्षानुवर्षे उभी राहिल्यावर माझे एक मत झाले आहे. शब्दांच्या आठ जातींत सर्वांत मायाळू जात कोणती असेल, तर ती क्रियाविशेषणाची.

आमचा वर्ग म्हणजे पंचमेळ खिचडी. एक मुलगा घरी येणारे वर्तमानपत्र धडाधडा वाचतो. एक मुलगी घरी कानडी बोलते. शेवटच्या बाकावरचा एक जण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वयाच्या हिशेबाने थेट चौथीत बसला आहे. तो अजून अक्षराला अक्षर जोडतो आहे. घंटा एक, पुस्तक एक, व्याख्याही एकच. ती या तिघांच्या गळी एकदम कशी उतरावी?

म्हणून मी खडूची दोन रिकामी खोकी घेतली. एकात क्रियापदांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात क्रियाविशेषणांच्या. मुलाने एकेक उचलायची आणि न बोलता करून दाखवायची. ‘पिणे’ आणि ‘घटाघटा’. ‘चालणे’ आणि ‘दबकत’. ज्याला चिठ्ठी वाचता येत नाही, त्याच्या कानात मी सांगते. नक्कल करायला वाचता यावे लागत नाही, हा या खेळाचा मोठा गुण!

मग फळ्यावर प्रश्न लिहिला: पाऊस कसा पडतो? वर्तमानपत्रवाल्याने आधी व्याख्या म्हटली, “क्रियापदाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द.” मग म्हणाला, “जोरात.” आणि थांबला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, “रिमझिम पडतो, बाई. मुसळधार पडतो. पत्र्यावर ताडताड पडतो. आणि आमच्या घरात टपटप पडतो.”

वर्ग हसला. तोही हसला. मी चारही शब्द फळ्यावर लिहिले. कानडी बोलणारी मुलगी म्हणाली, “आमच्यात लवकर लवकरला ‘बेग बेग’ म्हणतात.” त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत सगळा वर्ग ‘बेग बेग’ डबे उघडतो!

हुशार मुलाला मी चार रकाने आखून दिले: कधी, कोठे, कसे, किती. ‘काल’, ‘तेथे’, ‘सावकाश’, ‘पुष्कळ’ असे शब्द त्याने बिनचूक लावले आणि मग मान वर केली. “बाई, मुलगा हळू चालतो, मुलगी हळू चालते. ‘हळू’ बदलत नाही, म्हणून ते अव्यय. मग तो चांगला गातो, ती चांगली गाते, हे कसं?” मी म्हटले, “शाबास! ‘चांगला’ इथे क्रियाविशेषण आहे, पण अव्यय नाही. जो बदलत नाही, तोच अव्यय.”

न बदलण्यावरून आठवले. ब्राह्मी लिपीतली बहुतेक अक्षरे दोन हजारांहून अधिक वर्षांत ओळखू येऊ नयेत इतकी बदलली. ‘ढ’ मात्र जवळजवळ तसाच राहिला. म्हणूनच म्हणे मठ्ठ मुलाला ‘ढ’ म्हणतात! गंमत पाहा, अव्ययही बदलत नाही. पण त्याला कोणी ‘ढ’ म्हणत नाही.

सहामाही परीक्षेनंतर शेवटच्या बाकावरच्या मुलाची आई भेटायला आली. खानावळीत भाकऱ्या करते. पदराला हात पुसत तिने विचारले, “बाई, खरं सांगा. आमचं पोरगं ढ आहे का?”

“नाही,” मी म्हटले, “तो हळू वाचतो.”

तुम्ही म्हणाल, हा शब्दांचा खेळ झाला. पण मला तसे वाटत नाही. ‘ढ’ हे विशेषण. ते पोराला चिकटते आणि पोर जाईल तिथे त्याच्याबरोबर जाते. ‘हळू’ फक्त वाचण्याला चिकटते. पोर मोकळे राहते. आज ‘हळू’ आहे, तिथे उद्या ‘भरभर’ बसू शकते. वाक्यातले दुसरे काही बदलावे लागत नाही. आपण मोठी माणसे घरात, कचेरीत, शेजारीपाजारी विशेषणे किती सढळ हाताने वाटतो! आळशी, हट्टी, वेंधळा. त्याऐवजी एखादे क्रियाविशेषण वापरून पाहावे. निम्मी भांडणे तिथेच मिटतील.

त्या माउलीला व्याकरण ठाऊक नव्हते, पण फरक कळला असावा. “हळू का होईना, वाचतो ना?” ती म्हणाली.

प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले: ‘अडखळत, पण रोज वाचतो.’ त्यात दोन क्रियाविशेषणे आहेत. त्यांतले दुसरे मला अधिक मोलाचे वाटते.