तंबूतलं हसणं

पौषात आमच्या भागात पालीची यात्रा भरते. तारळी नदीच्या काठी खंडोबाचं आणि म्हाळसाचं लग्न लागायचं, भंडाऱ्यानं माणसं पिवळी व्हायची, आणि देवाचं लग्न उरकलं की आम्ही पोरं सिनेमाच्या तंबूकडं पळायचो. टुरिंग टॉकीज हा शब्द मोठ्यांचा. आम्ही नुसतं 'तंबू' म्हणायचो. एका रांगेत तीन-चार तंबू, प्रत्येकाचा भोंगा वेगळा, आणि सगळे एकदम ओरडायचे. आत खुर्च्या वगैरे काही नाही. घोंगडं टाकायचं नाहीतर पोतं. बाया एका अंगाला, गडी एका अंगाला. वारा सुटला की पडदा फुगायचा आणि हिरोचं नाक वांग्याएवढं व्हायचं. त्यालाही माणसं हसायची.

दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' आला १९७१ साली. आमच्याकडं मात्र तो पुढं वर्षानुवर्षं येतच राहिला. रीळ घासून घासून पडद्यावर पाऊस पडल्यासारखं दिसायचं, तरी तंबू भरायचा. त्यातली रत्नमालाबाईंची आई बघून आमची आई म्हणायची, "ही वरच्या आळीच्या काकूसारखीच हाय. तशीच खेकसती आन् तशीच जेवाय वाढती." दादांच्या बोलण्याला दोन अर्थ असायचे हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आम्हाला पोरांना एकच कळायचा, आणि तेवढ्यावरही आम्ही लोळून हसायचो. पलीकडं म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून दुसऱ्या अर्थाला हसायच्या. कुणी कुणाकडं बघायचं नाही. अख्खं गाव एका वेळी हसतंय, पण ज्याचं त्याचं वेगळं.

दादांना नावं ठेवणारेही तेव्हा कमी नव्हते. शहाणीसुरती माणसं नाक मुरडायची, सेन्सॉरशी त्यांची भांडणं व्हायची. त्यांच्या पुढच्या हिंदी सिनेमांत दुसरा अर्थ एवढा वर आला की पहिला शोधावा लागायचा, हेही खरं. तेव्हा 'आमच्या वेळी सगळं सोवळं होतं' असं मी म्हणणार नाही. आमच्या वेळी तमाशा होता, आणि तमाशातली मावशी काय बोलते हे ऐकलेल्यानं सोवळ्याच्या गप्पा मारू नयेत.

आमचे तात्या, म्हणजे वडील, गावच्या लोकनाट्य मंडळात सोंगाड्या व्हायचे. गण, गवळण झाली की बतावणी, मग वग. बतावणी कुठं लिहिलेली नसायची, उभ्या उभ्या रचायची. स्टेजवर जायच्या आधी तात्या कनातीच्या फटीतून बघायचे आणि विचारायचे, "फुडं कोण कोण बसलंय रं?" पाटील असला तर पाटलावर, सोसायटीचा चेअरमन असला तर त्याच्या वजनकाट्यावर. त्यांचा एकच नेम होता. जो समोर बसलाय त्याच्यावरच बोलायचं. तो उठून उत्तर देऊ शकतो, शिवी हासडू शकतो, नाहीतर खिशातनं रुपया काढून बक्षीस देऊ शकतो. "जो घरी निजलाय, ज्याच्या घरात चूल पेटली नाय, त्याच्यावर बोलायला काय अक्कल लागती?" असं म्हणायचे. गावात एक तोतरं बोलणारा गडी होता. त्याची नक्कल तात्यांनी स्टेजवर कधी केली नाही, आणि दुसऱ्या पोरानं केली तेव्हा त्याला पुढच्या खेळाला नुसता तुणतुण्यावर बसवला.

आताचे विनोदी सिनेमे बघताना मला तो नेम आठवतो. तोतरा आला की हसा, जाडी बाई आली की हसा, काळी पोरगी नवरा शोधतेय म्हणून हसा, बायकी चालीचा माणूस आला की त्याच्यावर चार जणांनी उड्या मारा. आणि आमच्या बोलीत कुणी 'पानी', 'लोनी' म्हणालं की तो एक तर नोकर, नाहीतर येडा. मध्ये कधीतरी पुण्याला जाताना रात्रीच्या खासगी गाडीत असलाच एक लावला होता. हिंदी होता. पहिल्या दहा मिनिटांतच काय ते कळलं. आवाज मोठा, बंद करायची सोय प्रवाशाकडं नाही. शेजारच्या बाकावर एक बाप आपल्या दहावी-बारावीतल्या लेकीबरोबर होता. तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला, लेकीनं डोळे मिटले. आमची आई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर मिट्ट काळोख. मी उठून सांगितलं तेव्हा क्लीनर म्हणाला, "कॉमेडी हाय की ओ." दोन तास गाडीत एकही माणूस हसला नाही.

मला वाटतं, बिघाड तिथंच आहे. तंबूसाठी सिनेमा काढणाऱ्याला माहीत असायचं की इथं सासू, सून, नातू आणि पाटील एकाच घोंगड्याच्या अंतरावर बसणार. दोन अर्थ ठेवणं भागच होतं, कारण एक अर्थ ठेवला तर अर्धा तंबू उठून जाईल. आता तंबू गेले, यात्रेतली रिळं गेली, तालुक्याची थिएटरं पाडून गाळे निघाले. विनोद आता एकट्याच्या कानातल्या वायरीपर्यंत पोचला की झालं. तिथं आडपडदा कुणासाठी ठेवायचा?

चांगलं काही निघतच नाही असंही नाही. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' घ्या. मूळ हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'चं, पण झालं पुरतं मराठी. दोन बाप्ये लुगडी नेसून घरभर हिंडतात, आणि तरी त्यात हसू येतं ते त्या बाप्यांच्या फजितीचं. असला विषय आज कुणाच्या हाती दिला तर काय करतील, कल्पनाच नको. २००८ चा 'वळू' तर तात्यांनी टीव्हीवर लागेल तेव्हा बघितला. एक मोकाट बैल, त्याला धरायला आलेला फॉरेस्टचा साहेब, आणि त्या निमित्तानं उघडं पडणारं गावाचं राजकारण. सरपंचावर हसणं, विरोधकावर हसणं, भोळ्या भाविकावरही हसणं, पण वरून खाली बघून नाही. तात्या म्हणाले, "ह्येनं गाव बघितलंय. त्या बैलालाबी मान हाय ह्याच्यात."

आमचं मंडळ कधीच मोडलं. यात्रेला आता ऑर्केस्ट्रा असतो. यंदा माझ्या पुतण्याच्या डोक्यात आलं की ऑर्केस्ट्राच्या मध्ये पंधरा मिनिटांची बतावणी बसवायची. मोबाईलवर बघितलेले विनोद त्यानं दोन पानं भरून लिहिले आणि तात्यांना वाचून दाखवले. तात्यांना आता कमी ऐकू येतं. त्यानं परत मोठ्यानं वाचलं. बायकोवरचे तीन, सासूवरचे दोन, जाड्या माणसावरचा एक. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून धोतराला पुसला, आणि म्हणाले, "बरं. आन् फुडं कोण बसनार हाय?"

पुतण्या म्हणाला, यादी करून आणतो.