ऋतू नावाचा तोतया

मुंबईच्या प्लेगचा एक आलेख जगभरच्या साथरोगशास्त्राच्या पुस्तकांत छापलेला असतो. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने किती माणसं दगावली, ते त्यात ठिपक्यांनी दाखवलं आहे. ठिपक्यांना जवळजवळ स्पर्श करत एक घंटाकार रेषा चढते आणि तितक्याच डौलात उतरते. १९२७ साली केरमॅक आणि मॅक्केंड्रिक या दोन संशोधकांनी तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मॅक्केंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. केरमॅकची दृष्टी १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती. त्यानंतर केरमॅक गणित डोक्यात करत. कोविडच्या दिवसांत ज्या प्रारूपांची टीव्हीवर रोज चर्चा चालायची, त्यांचं घराणं या निबंधापर्यंत जातं.

निबंधाचा गाभा असा की, साथ पसरते तशी लागण होऊ शकेल अशांची संख्या घटते, ती एका मर्यादेखाली गेली की साथ आपोआप ओसरते. मुंबईचा आलेख त्याचा दाखला म्हणून दिलेला. मी विद्यार्थ्यांना तो पहिल्याच तासाला दाखवतो. वर्ग खूश होतो, कारण इतकी सुबक रेषा खऱ्या आकड्यांवर क्वचितच बसते. मग मी मागच्या-पुढच्या वर्षांविषयी सांगतो. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. त्यानंतर १८९७ पासून निदान १९११ पर्यंत तो दर वर्षी ठरल्या महिन्यांत आला. हिवाळ्यात डोकं वर काढायचं, उन्हाळ्याच्या तोंडाशी कळस गाठायचा, पावसाळ्यापर्यंत निवायचं. याचा अर्थ, १९०६ ची साथ माणसं संपली म्हणून ओसरली नव्हती. हवा बदलली, उंदरांवरच्या पिसवा कमी झाल्या, म्हणून ओसरली. निकोलस बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने २०१२ मध्ये हे सविस्तर मांडलं. त्या रेषेसाठी लागणारे आकडे उलगडून पाहिले तर ते वास्तवाला धरूनच नाहीत, हेही दाखवलं. मूळ लेखकांवर मात्र ठपका ठेवता येत नाही. आपली गृहीतकं पुरती खरी नाहीत, हे त्यांनी निबंधातच लिहून ठेवलंय. ते वाक्य वगळून नुसता आलेख उचलला तो पुढच्या पुस्तकांनी.

पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया अवतरला, तेव्हा त्याला ओळखणारी माणसं भेटत गेली, कारण ज्याला त्याला भाऊ परत यायला हवे होते. आमच्या शास्त्रात ऋतू हा असा तोतया आहे. तो कधी साथीच्या सिद्धांताचा वेश घेतो, कधी प्रदूषणाचा, आणि त्याला आपल्याला हव्या त्या नावाने ओळखायला आपण उत्सुकच असतो.

माझं काम हवेतल्या सूक्ष्म कणांचं आणि मृत्यूंचं. अडीच मायक्रोमीटरहून लहान कण, म्हणजे पीएम २.५, फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात, हृदयविकार आणि पक्षाघाताला हातभार लावतात, हे आता वैद्यकाला नवं नाही. पण मृत्यूच्या दाखल्यावर ‘हवा’ असं कारण नसतं. लंडनमधल्या एका नऊ वर्षांच्या दमेकरी मुलीच्या बाबतीत डिसेंबर २०२० मध्ये कोरोनरने हवेच्या प्रदूषणाचं नाव कारणांत घातलं, तर ती जगभर बातमी झाली. एरवी हे मृत्यू फक्त बेरजेत दिसतात. कुठला माणूस हवेने गेला ते कधीच सांगता येत नाही. शहरात किती जास्त गेले, एवढंच सांगता येतं.

पद्धतीमागची कल्पना मला आजही देखणी वाटते. पुण्याची तुलना दिल्लीशी करायचीच नाही. करायला गेलं की सिगारेट, गरिबी, खाणंपिणं, दवाखाने, सगळंच वेगळं निघतं. त्याऐवजी पुण्याच्या आजची तुलना पुण्याच्याच दुसऱ्या दिवसाशी करायची. एका रात्रीत शहरातल्या तंबाखू खाणाऱ्यांची संख्या बदलत नाही, मधुमेह वाढत नाही. हवा मात्र बदलते. जास्त धुरकट दिवशी आणि त्याच्या पाठच्या दोन-चार दिवसांत मृत्यू किंचित वाढतात का, एवढाच प्रश्न उरतो. सगळ्या गुंतागुंतीच्या कारणांना एका फटक्यात बाजूला सारणारी युक्ती.

फक्त एक कारण बाजूला होत नाही, कारण तेही दिवसागणिक बदलतं. हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो, धूर वर जात नाही, कण वाढतात. त्याच महिन्यांत थंडीमुळे, फ्लूमुळे, न्यूमोनियामुळेही माणसं जातात. दोन रेषा हातात हात घालून चढतात-उतरतात. म्हणून ऋतूची एक लवचीक रेषा आधी बसवायची, तिच्याभोवतीची रोजची थरथर उरते ती पाहायची. तापमानाची रेषा वेगळी, वाराचा परिणाम वेगळा. आता ही ऋतूरेषा किती लवचीक ठेवायची? ताठ ठेवली तर ऋतू निसटतो आणि प्रदूषणाच्या खात्यात जमा होतो. फार लवचीक केली तर ती प्रदूषणाचा परिणामही गिळते. वर्षाला चार वळणं की सात की बारा, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. प्रामाणिक अभ्यासक हे सगळे पर्याय वापरून पाहतो आणि उत्तर किती हललं ते छापतो. एकच आकडा छापणाऱ्या निबंधाकडे मी जरा संशयाने पाहतो.

ऋतू की प्रदूषण, हा वाद कागदावरचा नाही. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर कोळशाच्या धुराचं दाट धुकं बसलं. नेहमीपेक्षा सुमारे ४,००० माणसं जास्त गेली, असा तेव्हाचा अंदाज. पण धुकं विरल्यावरही जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत मृत्यू चढेच राहिले. सरकारी उत्तर तयार होतं: फ्लू. अर्धं शतक उलटल्यावर मिशेल बेल आणि डेव्हरा डेव्हिस यांनी ते आकडे पुन्हा तपासले आणि एकूण जादा मृत्यू १२,००० च्या घरात नेले. ती सगळी भर फ्लूच्या माथी मारायची तर फ्लूची साथ नेहमीपेक्षा अवाढव्य असायला हवी होती, आणि तशी ती नव्हती. तोतयाचा वेश इथे उलटा होता. प्रदूषण ऋतूचं सोंग घेऊन सुटलं होतं.

संगणक आल्यावर ही ऋतूरेषा काढणं सोपं झालं, आणि त्यातूनच आमच्या क्षेत्राला २००२ साली मोठा हादरा बसला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने अमेरिकेतल्या ९० शहरांचा अभ्यास केला होता. हवेतले थोडे मोठे कण, पीएम १०, घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले की त्या शहरांत रोजचे मृत्यू ०.४१ टक्क्यांनी वाढतात, असं उत्तर आलं होतं आणि त्यावर नियमांची चर्चा चालू होती. मग त्याच गटाच्या, फ्रान्चेस्का डोमिनिची वगैरेंच्या, ध्यानात आलं की एस-प्लस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये गणित कधी थांबवायचं याची एक तयार मर्यादा ठरवलेली आहे. ऋतूची रेषा आणि प्रदूषणाची रेषा एकमेकींशी फार मिळत्याजुळत्या असल्या की हिशेब पुरा होण्याआधीच ते ‘झालं’ म्हणून थांबायचं. मर्यादा कडक केल्यावर ०.४१ चा आकडा ०.२७ झाला, दुसऱ्या पद्धतीने ०.२१. इतरांनीही आपापले निकाल पुन्हा काढले आणि २००३ मध्ये ते एकत्र छापले गेले. परिणाम नाहीसा झाला नाही, पण आकडा जवळपास निम्म्यावर आला. त्यांनी हे आपणहून जाहीर केलं, म्हणून आज त्या आकड्यांवर माझा जास्त विश्वास आहे. सॉफ्टवेअरने दिलेली तयार मूल्यं तशीच ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला मी ही कहाणी ऐकवतो.

मग ऋतूला नुसत्या गणिताने धुण्याऐवजी निसर्गानेच किंवा माणसांनी नकळत मांडलेले प्रयोग शोधणं आलं. अमेरिकेतल्या युटा खोऱ्यातला पोलादाचा कारखाना ऑगस्ट १९८६ मध्ये कामगारांच्या वादात बंद पडला आणि वर्षभराने पुन्हा सुरू झाला. आर्डन पोप या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने रुग्णालयांचे आकडे काढले. कारखाना बंद असलेल्या हिवाळ्यात श्वसनाच्या आजारांनी दाखल झालेली मुलं निम्म्याहून कमी होती. हिवाळा तोच, खोरं तेच, चिमणी तेवढी विझलेली.

आणि आपल्याकडे दिवाळी! फटाक्यांनी हवा बिघडते की तो थंडीच्या आगमनाचाच परिणाम, हा वाद दर वर्षी फराळासोबत रंगतो. संख्याशास्त्राच्या दृष्टीने मात्र दिवाळी ही देणगी आहे. ती चंद्रावर चालते. कधी ऑक्टोबरच्या मध्यावर, कधी अधिक महिन्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सरकते. ऋतू सूर्यावर चालतो. त्यामुळे दोन-चार वर्षांची दिवाळी घेतली की तिची रेषा ऋतूच्या रेषेपासून सुटी होते. धनंजय घेई आणि रेणुका साने यांनी दिल्लीच्या आकड्यांवर २०१८ मध्ये हेच केलं. फटाक्यांचा परिणाम खरा निघाला, पण बातम्यांतल्या आरडाओरड्याच्या मानाने माफक, आणि दिल्लीतल्याच वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा. दोन्ही बाजूंची पंचाईत करणारं उत्तर आहे, म्हणून मला ते आवडतं.

अलीकडे उपग्रहांमुळे चित्र पालटलंय. हवा मोजणारी यंत्रं मोजक्या शहरांत. मधला सगळा देश उपग्रहाला दिसणाऱ्या धुरकटपणावरून, वाऱ्यावरून, रस्ते-वस्तीवरून अंदाजायचा, एकेका किलोमीटरच्या चौकटीत. हे काम मशिन लर्निंग करतं आणि झकास करतं. पण ढगांतून उपग्रहाला खालचं दिसत नाही. जून ते सप्टेंबर कोकणावर आणि घाटमाथ्यावर त्याला दिसतं काय? म्हणजे गाळलेले दिवस यादृच्छिक नाहीत; तेच ते ओले, स्वच्छ दिवस गळतात. प्रारूपाने ते भरून काढले तरी पुराव्याने नव्हे, सवयीने भरलेले असतात. शिवाय अचूकता तपासताना गंमत होते. कर्वे रस्त्यावरच्या यंत्राचा मंगळवार झाकून ठेवला आणि सोमवार-बुधवारवरून तो ओळखायला सांगितला, तर कुठलंही प्रारूप पैकीच्या पैकी मिळवेल. ते यंत्रच पूर्ण झाकून, दुसऱ्या गावांच्या यंत्रांवरून त्याचं वर्षभराचं भाकीत मागा. गुण कितीतरी उतरतात. निबंधात पहिली परीक्षा घेतली की दुसरी, हे मी सगळ्यात आधी शोधतो.

हवेची बाजू अशी चकाकत असताना मृत्यूची बाजू जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीपाशी अडते. कायद्याने नोंदणीला २१ दिवस मिळतात. आम्हाला हवी असते मृत्यूची तारीख; संगणकात काही वेळा नोंदणीची तारीख चढलेली असते. रोजच्या हवेशी रोजचे मृत्यू जुळवताना एवढा फरक सगळ्या गणितावर पाणी ओततो. नोंद होते ती मृत्यू झाला त्या ठिकाणी, त्यामुळे पुण्याच्या ससून रुग्णालयात दगावलेला भोर तालुक्यातला शेतकरी पुण्याच्या हवेच्या हिशेबात शिरतो. देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले पाव भागाहून कमी. म्हणून आम्ही पुष्कळदा कारणांच्या वाटेला जातच नाही, नुसते एकूण मृत्यू मोजतो. नोंदवहीत पत्ता नीट लिहिणारा कारकून हा माझ्या लेखी कुठल्याही नव्या अल्गोरिदमहून मोठा सहकारी आहे.

इतकं करून जे हाती लागतं ते कामाचं असतं. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये भारतातल्या दहा शहरांचा अभ्यास आला. २००८ ते २०१९ मधले सुमारे ३६ लाख मृत्यू. मुंबई आणि पुणे त्या दहांत होते. पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमने वाढले की रोजचे मृत्यू सरासरी १.४२ टक्के वाढतात. या अभ्यासात वाऱ्याचा वेग आणि हवेच्या मिसळण्याच्या थराची उंची यांचा आधार घेऊन स्थानिक प्रदूषणाचा परिणाम वेगळा काढण्याचा प्रयत्नही होता, आणि तो याहून बराच जास्त, ३.५७ टक्के आला. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. तिच्यावरच्या हवेमुळे या दहा शहरांत वर्षाला सुमारे ३३,००० मृत्यू, एकूण मृत्यूंच्या ७.२ टक्के, असा हिशेब निघतो.

मला यातला सर्वांत विचार करायला लावणारा आकडा वेगळाच वाटतो. त्याच दहा मायक्रोग्रॅमला दिल्लीत ०.३१ टक्के वाढ, बंगळुरूमध्ये ३.०६ टक्के. दिल्लीकरांची फुप्फुसं पोलादी नाहीत. परिणामाची रेषा सुरुवातीलाच खडी चढते आणि वर जाऊन सपाट होते, असा त्याचा सरळ अर्थ मी लावतो. ६० मायक्रोग्रॅम या आपल्या राष्ट्रीय मर्यादेच्या आतले दिवस घेतले तरी वाढ २.६५ टक्के होती, म्हणजे सरासरीहून जास्तच. आपल्या हवा निर्देशांकात ३१ ते ६० चा पट्टा ‘समाधानकारक’ या नावाने हिरव्या रंगात येतो. पुण्यातले कितीतरी दिवस या पट्ट्यात जातात. त्या दिवशी शाळा बंद होत नाहीत, बांधकामं थांबत नाहीत, वाहिन्यांना बातमी मिळत नाही. वर्षभराच्या बेरजेत मात्र या हिरव्या दिवसांचा वाटा मोठा निघतो, आणि निर्देशांकाचे रंग ठरवणाऱ्यांनी तो आकडा हाताशी घेऊन पुन्हा बसायला हवं.