आभाळाचा अमीर

बी.एड. होऊन आम्हाला वीस वर्षं झाली. बॅचमधले आम्ही सहा जण अजून वर्षातून एकदा बायकामुलांसह तंबू ठोकून एक रात्र बाहेर काढतो. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, कुणी आश्रमशाळेत. मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी सहामाही परीक्षा आटोपल्यावर, ऑक्टोबरात, आम्ही मणिबेलीला गेलो होतो. त्या संध्याकाळी माझ्या हातून जे झालं, ते आज लिहितो आहे.

निघण्याआधी सगळी कामं वाटून घेतली होती. पैशांचा हिशेब एकाकडे, गाड्या दुसऱ्याकडे, तांदूळ-मटण माझ्याकडे. मीठ कोण आणणार, हेसुद्धा ठरलं होतं. आभाळाकडे कोण बघणार, हे मात्र कुणालाच सुचलं नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल होता, म्हणून प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने पाहिलंच असेल.

अक्कलकुवा मागे पडल्यावर सातपुड्याचे घाट लागतात. शेवटी डोंगराखाली नर्मदा दिसते. नर्मदा म्हणजे आता सरदार सरोवराचं पाणी. पावसाळा नुकताच संपला होता, जलाशय काठोकाठ भरलेला. पाण्यापासून थोड्याच अंतरावर, एका जुन्या महुव्याखाली सपाट जागा होती. सगळे म्हणाले, यापेक्षा छान जागा मिळणार नाही.

वरच्या घरातले एक म्हातारे बाबा खाली आले. पाण्याकडे बघत म्हणाले, “गुरुजी, इथं नका मांडू. वारं पडलंय. समोरचा डोंगर दिसेनासा झाला की इथं वादळ यायला वेळ लागत नाही.”

आमच्यातल्या एका सरांनी मोबाईल पुढे केला. पडद्यावर पिवळा सूर्य होता. “बाबा, आज पाऊस नाही.” बाबा काही बोलले नाहीत.

त्या पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत वेळ लिहिलेली होती आणि ती मी वाचली होती. सकाळी आठ. अक्कलकुव्याच्या पुढे रेंजच नव्हती, म्हणजे तो सूर्य सकाळचा होता. अंगाची काहिली होत होती, पान हलत नव्हतं. हे सगळं कळूनही मी गप्प बसलो. सगळे रंगात आलेले, आपण कशाला मोडता घालायचा? मी कांदे चिरायला घेतले.

असरची नमाज झाली आणि थोड्या वेळाने समोरचा डोंगर खरोखर नाहीसा झाला. मग वारा आला. एक तंबू उडून काटेरी झुडपात अडकला. पाण्यावर लाटा उठल्या आणि काठावर आपटू लागल्या. विजा सुरू झाल्या. माझ्या मनात एकच होतं: पोरं कुठे आहेत? माझा अकरा वर्षांचा मुलगा आणि बाकीची चार मुलं अर्ध्या तासापूर्वी पाण्याशी खेळत होती. आता तिथे कुणी नव्हतं. मी त्याचं नाव घेऊन ओरडत काठाने धावलो. मागे मोठा आवाज झाला. महुव्याची एक फांदी मुलांच्या तंबूवर पडली होती. तंबू रिकामा आहे की नाही, हे बघायला परत फिरलो, तेव्हा पायात जोर राहिला नव्हता.

तंबू रिकामा होता. मुलं वर बाबांच्या घरात भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा खात बसली होती. बाबांनी आमच्याशी वाद घातला नव्हता. शेंगा देतो म्हणून मुलांना आधीच वर बोलावून घेतलं होतं.

मगरिब त्यांच्या ओसरीत पढलो. रात्री बाबा बोलत बसले. महाराष्ट्रात धरणाचं पाणी सगळ्यात आधी शिरलं ते मणिबेलीत, 1993 च्या पावसाळ्यात. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिरही पाण्याखाली गेलं. 2017 मध्ये धरण 138.68 मीटरपर्यंत पूर्ण झालं आणि 2019 च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा तिथवर चढलं. इथे पाऊस नसला तरी वर मध्य प्रदेशात झाला की इथलं पाणी वाढतं. त्यांनी सगळा जन्म आभाळ आणि पाणी बघण्यात घालवला होता, आणि आम्ही त्यांना सकाळचा सूर्य दाखवत होतो.

प्रवासात तिघे असले तरी एकाला अमीर करा, अशी पैगंबरांची (स.) शिकवण आहे. मदरशात लहानपणी शिकलेली ही गोष्ट मला त्या ओसरीत नव्याने समजली. आता आमच्या सहलीत एक जण ‘आभाळाचा अमीर’ असतो. त्याला दुसरं काम नसतं. रेंज असेपर्यंत तो हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघतो: पिवळा म्हणजे सावध, केशरी म्हणजे तयारीत, लाल म्हणजे जायचंच नाही. पुढच्या तीन तासांचा इशारा वेगळा असतो, तोही बघतो. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजा दाखवतं, पण रेंज असेल तरच. म्हणून पोचल्यावर पहिलं काम गावातल्या माणसाला विचारायचं, आणि तो सांगेल ते ऐकायचं. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजायचे. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की झाड आणि तंबू सोडून पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. ओढ्याजवळ थांबायचं असेल तर वरच्या अंगाला पाऊस आहे का, ते आधी विचारायचं. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. पाणी चढायला काही क्षण पुरले.

अमीर ‘परत फिरा’ म्हणाला की फिरायचं, हाही नियम. सुरुवातीला कुणी कुरकुरलं की मी अजानची आठवण द्यायचो. पावसाच्या, कडाक्याच्या थंडीच्या रात्री लोकांनी आपापल्या मुक्कामीच नमाज पढावी, असं पुकारायला पैगंबरांनी (स.) सांगितलं होतं. जिथे जमातीच्या नमाजला पावसासाठी सवलत आहे, तिथे आमची सहल काय मोठी!

गेल्या वर्षी अमीर मी होतो. तोरणमाळला निघायच्या सकाळी केशरी इशारा होता. मी सहल रद्द केली. दुपारी नंदुरबारात लख्ख ऊन पडलं. ग्रुपवर उन्हाचे फोटो येऊ लागले: “अमीर साहेब, पाऊस कुठे आहे?” तोरणमाळला त्या दिवशी पाऊस झाला की नाही, मी विचारलं नाही. बिर्याणी आमच्या गच्चीवर झाली. सगळे जेवले, मला भरपूर हसले. मुलगा जेवून उठला आणि सवयीप्रमाणे आधी आभाळाकडे बघून मग हात धुवायला गेला.