बाहेरचा परीक्षक

२०१५ साली तोंडी परीक्षेला माझा नंबर तिसरा होता. बाकड्यावर आम्ही सगळे फायली मांडीवर घेऊन बसलेलो. पाच निदानाच्या केसेस, पाच उपचाराच्या. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला अशा दहा केसेस लिहून द्याव्या लागतात. दोन वर्षं त्यात जातात. तपासायला आत दोन माणसं. एक घरचा परीक्षक, एक बाहेरचा.

घरचा म्हणजे आपलेच सर. मग बाहेरचा कशाला? तर न्याय व्हावा म्हणून. घरच्याचा लोभ असतो, राग असतो. बाहेरच्याला आपण कोण ते ठाऊक नसतं. त्यात मानसोपचार बंद दाराआड चालतो. पेशंट आणि शिकाऊ उपचारक, दोघंच. सरांनाही आपण सांगू तेवढंच कळतं. तेव्हा कुणी तटस्थ माणसानं येऊन विचारावं, की बाबा, तू त्या खोलीत नेमकं काय केलंस? कल्पना चांगली आहे. मी ती अजून मानतो.

मी आत गेलो. "नाव?" मी माझं आणि बापाचं नाव सांगितलं. "पूर्ण नाव?" आडनाव सांगितलं. "गाव?" गावही सांगितलं. "अच्छा," म्हणाले आणि फाईल उघडली.

केस एका सफाई कामगाराची होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलूनच लिहितोय. चाळिशीतला माणूस. गटाराच्या चेंबरमध्ये उतरायचा. हातानं मैला काढायला लावण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला, तरी हा उतरतच होता. घरी आला की तास तास हात धुवायचा. कातडी सोलून निघालेली. पोरीला जवळ घ्यायचा नाही. म्हणायचा, "साहेब, वास जात न्हाई. साबणानं न्हाई, कशानंच न्हाई."

पुस्तकाच्या चौकटीत हा ओसीडी. तसं मी लिहिलं होतं. उपचारही त्याच धर्तीचा. घाण वाटणाऱ्या वस्तूला हात लावायचा आणि धुणं रोखायचं. पण खाली एक पान जास्तीचं होतं. या माणसाची घाण मनातली नाही, ती रोज त्याच्या गळ्यापर्यंत येते. लोक त्याला लांबून पाणी देतात, तेही मनातलं नाही. तेव्हा 'तुझा विचार चुकतोय' एवढं सांगून हा बरा होणार नाही.

"हे जातीचं कशाला आणलंत? हा सोशिऑलॉजीचा पेपर नाही."

मी म्हणालो, "सर, आपल्या केसपेपरवर जातीचा रकाना आहे. तो भरायचा आणि त्याचा अर्थ लावायचा नाही का?"

ते हसले. मग इंग्रजीतून भराभर प्रश्न. माझी जीभ अडखळली. आमचे सर खिडकीबाहेर बघत होते. पास व्हायला ५० टक्के लागतात. मला तोंडीत कमी पडले.

आईनं विचारलं, "काय इचारलं रं?"

"आडनाव."

"मंग बाकीचं कशाला इचारलं?"

दिल्लीच्या एम्समधल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या थोरात समितीनं २००७ साली अहवाल दिला. प्रात्यक्षिकात आणि तोंडी परीक्षेत आम्हाला वेगळं वागवतात, हे त्या पोरांनी सांगितलेलं आहे. म्हणजे मी एकटा नव्हतो. लंडनला बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंधसुद्धा परीक्षकांनी पुन्हा लिहायला लावला होता. त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष सोडले नाहीत आणि १९२३ सालीच डी.एस्सी. मिळवली. मीही ते पान काढलं नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा बसलो. बाहेरच्या परीक्षक या वेळी दुसऱ्या राज्यातल्या बाई. मराठी येत नव्हतं. ते पान त्यांनी दोनदा वाचलं. विचारलं, "घाणीला तो कुठला शब्द वापरायचा?"

"विटाळ."

"तो शब्द ऐकून तुम्हाला काय व्हायचं?"

दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी गप्प. मग खरं ते सांगितलं. माझ्या आजीच्या तोंडी हाच शब्द असायचा. त्यानं हात धुवायला घेतले की मला ते बघवायचं नाही. म्हणून मी धुणं थांबवायची घाई केली. तो तयार नव्हता. दोन आठवडे आलाच नाही.

"हे लिहायला हवं होतं," बाई म्हणाल्या. त्याचे मार्क त्यांनी कापले असणार. मी पास झालो. त्यांना माझ्या आडनावाचा अर्थ लागला नसेल, किंवा लागला असेल आणि त्यांनी तो बाजूला ठेवला असेल. पण माझी चूक त्यांनी पकडली, माझी जात नाही. बाहेरच्या परीक्षकाचं काम ते हेच.

२०२४ साली मला एका ठिकाणी बाहेरचा परीक्षक म्हणून बोलावलं. एक मुलगी आत आली. नाव सांगताना बापाच्या नावापाशी थांबली. मला ते थांबणं ओळखू आलं. मी म्हणालो, "पेशंटबद्दल सांग." तिनं चांगलं सांगितलं. एके ठिकाणी चुकली, तिथं मी मार्क कापले. आपली म्हणून वाढवले नाहीत. ती पास झाली.

पण ती बाहेर गेल्यावर शेजारचे घरचे परीक्षक हळूच म्हणाले, "कॅटेगरीतली आहे." आणि मी ऐकलं नाही असं केलं. माझा चहा आला होता, तो प्यालो. खिडकी तिथंही होती.

ते सलतंय म्हणून हे लिहितोय. एम.फिल. ही पदवी यूजीसीनं २०२२च्या नियमांत मोडीत काढली, आमच्या शाखेला तेवढी मुदत मिळाली. पदवीचं नाव बदलेल, तोंडी परीक्षा राहील. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटला जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क आहे. त्याच्यावर उपचार करायला शिकणाऱ्या पोरांचं काय? परीक्षकाच्या यादीत नाव नको, नुसता नंबर ठेवा. विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून ठेवा आणि उमेदवाराला बघू द्या. आणि आपल्यातला जो त्या खुर्चीवर जाऊन बसेल त्यानं खिडकीबाहेर बघू नये. मी बघितलं, पुन्हा बघणार नाही.