आमच्या रक्ताचा हिशेब

विदर्भातल्या आमच्या वस्त्यांत इंग्रजीची दोन अक्षरे सगळ्यांना पाठ आहेत. एएस आणि एसएस. कधी शाळेत न गेलेली म्हातारीसुद्धा नातवाबद्दल सांगते, "त्याचा पॅटर्न एसएस हाये बाप्पा." सिकलसेल हा शब्द आता डॉक्टरांचा राहिलेला नाही, तो घरातला झाला आहे. हातपाय दुखून रात्रभर रडणारे पोर, डोळ्यांत उतरलेली कावीळ, रक्त चढवायला केलेल्या चकरा हे आम्ही लहानपणापासून पाहतो. पण या रक्तावर जे संशोधन चालते, त्याबद्दल आम्ही आंबेडकरी कार्यकर्ते बोलतच नाही. आरक्षण, शिष्यवृत्ती, अॅट्रॉसिटी यांवर रात्र रात्र बोलतो. आमच्याच रक्ताचे नमुने नेऊन त्यावर निबंध लिहिले जातात, पदव्या मिळतात, औषधे बनतात, त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली ग्रेनडा बेटावरून आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचे लिहिले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवले की हा बिघाड हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी मलेरियाशी त्याचा संबंध सांगितला. एकाच पालकाकडून हा गुण आलेल्या मुलाला, म्हणजे एएस असलेल्याला, मलेरियाने मरण्याचा धोका कमी. म्हणून मलेरियाच्या प्रदेशात हा गुण टिकला, वाढला. भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातली नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. म्हणजे बौद्ध म्हणून आमची ओळख आणि सिकलसेलच्या नकाशावरची आमची नोंद जवळजवळ एकाच वयाची आहे.

त्यानंतर जितके निबंध निघाले त्यांत एक रकाना हमखास असतो. जात. माणसाने धर्म बदलला तरी निबंधातल्या तक्त्यात तो महारच राहतो. आमच्या काही मित्रांना याचा राग येतो आणि तो राग आम्हाला समजतो. पण तो रकाना पुसून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. पुसला तर तपासणीची यंत्रे, औषधे आणि डॉक्टर कुठे पाठवायचे हे कळणार कसे? आमचे भांडण त्या रकान्याच्या अर्थाशी आहे. हा "त्या लोकांचा आजार" असे जेव्हा दवाखान्यात कोणी सहज बोलून जाते, तेव्हा आजाराचे कारण जातीच्या रक्तात शोधले जाते. ते कारण जातीच्या कुंपणात आहे.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याने, हा त्याचा गाभा. आम्ही तो निबंध समाजशास्त्र म्हणून वाचतो. एकदा तो सिकलसेलचा अहवाल हातात घेऊन वाचा. आई एएस आणि बाप एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. एकच पालक एएस आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल तर मूल फार तर वाहक होईल, सिकलसेलचा रुग्ण होणार नाही. मलेरियाने हा गुण वाढवला हे खरे, पण दोन वाहक एकाच मांडवात वारंवार समोरासमोर येतात ते हजारो वर्षे मांडव एकाच कुंपणात पडत आला म्हणून.

आणि हे कुंपण फक्त आम्हालाच महाग पडलेले नाही. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी 'नेचर जेनेटिक्स'मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समूहांचा अभ्यास छापला. त्यांतल्या ८१ समूहांत थोड्याशा पूर्वजांपासून पसरलेल्या आणि बाहेर लग्न न केल्याने साचून राहिलेल्या जनुकांचा ठसा ठळक निघाला. आंध्रातल्या वैश्यांमध्ये भूल देताना जिवावर बेतणारा एक आनुवंशिक दोष आहे, अग्रवालांमध्ये मेंदूचा एक दुर्मीळ आजार आहे, सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आहेत. या जाती मात्र त्यांच्या आजाराच्या नावाने ओळखल्या जात नाहीत. त्यांच्यासाठी "समाजातील आरोग्य समस्या" असा सभ्य शब्द सापडतो.

याच पॉलिंग यांनी, दोन नोबेल मिळालेल्या माणसाने, १९६८ मध्ये सुचवले होते की सिकलसेलचा गुण असलेल्या तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू चांगलाच असेल! अमेरिकेच्या हवाईदल अकादमीने १९८१ पर्यंत वाहकांना दारातच अडवले. आणि त्याच काळात ब्लॅक पँथर्सचे कार्यकर्ते गल्लोगल्ली स्वतःची तपासणी केंद्रे लावून सांगत होते की आमच्या आजारावर आम्हीही बोलणार. दलित पँथरचे नाव ज्यांच्यावरून घेतले गेले तेच हे लोक. त्यांचा हा धडा मात्र आपल्याकडे आलाच नाही.

आपल्याकडे कपाळावर गोंदत नाहीत, कार्ड देतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, अशी घोषणा. लग्नाआधी कुंडलीऐवजी कार्ड जुळवा, असा सल्ला. तपासणी व्हायलाच हवी, आम्ही स्वतः वस्तीतल्या विहारात शिबिरे भरवतो. पण शिबिरानंतर काय होते तेही पाहतो. मुलगा एएस निघाला तर अहवाल कपाटात जातो, मुलगी एएस निघाली तर सोयरीक मोडते. एएस म्हणजे आजार नव्हे, हे सांगायला समुपदेशक नसतो. त्यातही अभियानाचा सगळा भर आदिवासी भागांवर. तो असायलाच हवा, गोंड, माडिया, भिल्ल, पावरा बांधवांचा हक्क पहिला आहे. पण शहरातल्या झोपडपट्टीत राहणारा बौद्ध रुग्ण त्या आकड्यांत नीट दिसत नाही, हेही सांगायला हवे.

आता औषधांकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे. आमच्यात एक सूर असा निघतो की आम्हाला उंदीर बनवतात, संशोधनाला रक्तच देऊ नका. हा सूर आम्हाला मान्य नाही. हायड्रॉक्सियुरिया हे साधे कॅप्सूल. १९९५ साली अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत वेदनेचे झटके इतके कमी झाले की चाचणी वेळेआधी थांबवून निकाल सांगावा लागला. आफ्रिकेतल्या मुलांना ते चालेल का, मलेरिया वाढेल का, अशी शंका बरीच वर्षे होती. मग अंगोला, काँगो, केनिया, युगांडा या चार देशांत सुमारे सहाशे मुलांवर अभ्यास झाला. वेदना कमी झाल्या, रक्त कमी चढवावे लागले, मलेरिया आणि मृत्यूही घटले. आपल्या नागपुरातही साठ मुलांवर कमी मात्रेची, किलोमागे १० मिलिग्रॅमची चाचणी झाली आणि २०१२ मध्ये छापून आली. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च, कमी तपासण्या. आपल्याकडचे सिकलसेल सौम्य असते, असा जो समज होता त्यालाही नागपूरच्या रुग्णांवरील नोंदींनी धक्का दिला. ती पोरे चाचणीत आली नसती तर हे कळले नसते. संशोधनाला नाही म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर ठरलेली मात्रा आपल्या पोरांना देणे.

पण हो म्हणायचे तर कसे म्हणायचे? एका आईने आम्हाला विचारले, "दादा, तीनदा रक्त नेलं पोराचं. त्याचं काय झालं थे कोनी सांगतलं नाही." तिने सही केली होती. संमतीपत्र मराठीतच होते, पण त्यातले 'यादृच्छिक विभागणी' आम्हालाही दोनदा वाचावे लागले. चिठ्ठी टाकून ठरवणार, कोणाला औषध आणि कोणाला नुसती साखरेची गोळी, एवढे साधे ते होते. खम्मम आणि वडोदऱ्यात २००९ साली आदिवासी मुलींना एचपीव्हीची लस टोचली गेली, तेव्हा कित्येक ठिकाणी आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने आणि मुख्याध्यापकाने सह्या केल्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले.

२०१९ च्या नव्या औषध व चिकित्सालयीन चाचणी नियमांत आपल्या कामाचे बरेच काही आहे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई. कधीही बाहेर पडण्याचा हक्क, आणि त्यामुळे नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. नव्या रेणूची चाचणी दुर्बल घटकांवर होत असेल तर संमतीचे चित्रीकरण. आणि सर्वात महत्त्वाचे, चाचणी संपल्यावर औषध मोफत चालू ठेवण्याची तरतूद. ती आपोआप मिळत नाही. दुसरा उपचार उपलब्ध नसेल, चाचणी घेणाऱ्या डॉक्टरने शिफारस केली आणि नैतिकता समितीने मान्य केली तरच मिळते. म्हणजे ती सही करायच्या आधी विचारायची गोष्ट आहे.

हे आत्ताच का? डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने कॅसजेव्ही या जनुक बदलणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. किंमत २२ लाख डॉलर. त्याआधी कडक केमोथेरपी लागते आणि तिने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. दुसरीकडे २०१९ मध्ये मान्य झालेली ऑक्सब्रायटा ही गोळी मृत्यू आणि वेदनेचे झटके जास्त दिसल्याने कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून परत घेतली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबीने स्वदेशी जनुक उपचार जाहीर केला. नाव बिरसा १०१. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे जाणार आहे. किंमत परदेशापेक्षा कितीतरी कमी असेल असे सांगतात. आम्हाला त्याचा आनंद आहे. पण बिरसा मुंडांचे नाव औषधाला दिल्याने औषध बिरसाच्या पोरांना मिळतेच असे नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्याचे पाहा ना. सिकलसेलचा समावेश २१ दिव्यांगत्वांत झाला, पण कलम ३४ मध्ये नोकरीच्या चार टक्क्यांत रक्ताच्या आजारांना जागाच नाही.

म्हणून आमच्या विहारात दर महिन्याच्या बैठकीत अर्धा तास आम्ही राखून ठेवला आहे. कोणाकडे चाचणीचा कागद आला असेल तर तो तिथे मोठ्याने वाचायचा. वैद्यकीय शिक्षण घेणारी आमचीच दोन पोरे समजावून सांगतात. चाचणीची नोंदणी सीटीआरआयवर आहे का, हे मोबाईलवर तिथेच पाहतो. रक्त कुठे ठेवणार, किती वर्षे, दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का, निकाल आम्हाला मराठीत सांगणार का, औषध नंतर किती दिवस देणार, हे प्रश्न कागदाच्या मागे लिहून डॉक्टरांकडे पाठवतो. आत्तापर्यंत दोन कागद गेले. एकाचे उत्तर आले, त्यात पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे आहेत. पाचव्यासमोर जागा रिकामी आहे, आणि त्या आईने अजून सही केलेली नाही.