दाखल्याचा रकाना

ख्रिस्ती इतिहासात रक्तसाक्षींची नावे मोठ्या आदराने घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या शतकात स्मुर्णा नगरीचा वृद्ध धर्माध्यक्ष पॉलिकार्प याला रोमन अधिपतीने ख्रिस्ताचा धिक्कार करून सुटण्याची मुभा दिली असता तो बधला नाही आणि अग्नीच्या स्वाधीन झाला. ही हकिकत ऐकताना आजही अंगावर रोमांच उभे राहतात. परंतु मुदखेड-निजामाबाद लोहमार्गावरच्या आमच्या उमरीत राहून आसपासच्या ख्रिस्ती कुटुंबांचा संसार ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला असे वाटल्यावाचून राहत नाही की पॉलिकार्पची कसोटी एका दिवसात संपली, या माणसांची मात्र तीन-तीन पिढ्या संपत नाही. ती विहिरीवर चालते, सोयरिकीच्या बोलण्यात चालते, प्रेत पुरण्याच्या जागेवरून चालते, आणि अलीकडे तर सरकारी दाखल्याच्या एका रकान्यात येऊन बसली आहे.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर या कहाणीचा एक धागा जालन्याला सापडतो. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या आश्रयाला होता, म्हणून पित्याने सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि कोर्टाने मुलाला पित्याच्या हवाली केले. घर मिळाले, पण जात मिळेना. बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाने प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे अशी बाजू हिरिरीने मांडली, आणि त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणसमाजात उभी फूट पडली. ज्या मुलाचा बाप्तिस्माच झाला नव्हता त्याला केवळ ख्रिस्ती घरातल्या अन्नपाण्यापायी एवढे सोसावे लागले, तर थोरल्या भावाने कशावर पाणी सोडले असेल, याचा अदमास सहज करता येईल. तो थोरला भाऊ पुढे निजामाच्या मुलखात जालन्यास आला आणि दिवाण सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर त्याने बेथेल नावाचे गाव वसविले.

बेथेलला आले ते मुख्यतः मांग आणि महार. अशा लोकांना गमावण्यासारखे होतेच काय, असे म्हणणारे मी पुष्कळ ऐकले आहेत. ते मला मान्य नाही. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क बुडू नये म्हणून इंग्रजांनी १८५० साली एकविसावा कायदा केला, तो ज्यांच्या घरी मिळकत होती त्यांच्यासाठी. शिवाय निजामाच्या राज्यात इंग्रजांचा तो कायदा चालत नव्हता. गावकुसाबाहेरच्या माणसाची मिळकत म्हणजे खळ्यावरचे बलुते. देवीच्या पालखीपुढे हलगी वाजवायची नाही असे ज्या दिवशी एखाद्या मांगाने ठरविले, त्या दिवशी त्याचे सुगीचे दाणे, पाटलाची मर्जी आणि भावकीचा आधार ही तिन्ही एकदम धोक्यात आली. मूठभर दाण्यांचा त्याग हा वाड्याच्या त्यागाहून लहान मानणे हा मोजणाऱ्याचा दोष आहे.

निष्ठेची किंमत एकटा निष्ठावंतच देतो असेही नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या गोष्टीला आपण कधी होकार दिला नाही तिचे आघात लक्ष्मीबाईंनी काही वर्षे पतीपासून दुरावून सोसले. पुढे त्या पतीकडे आल्या, सोवळे सांभाळत राहिल्या, मग ते सोवळे गळून पडले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना टिळकांइतकेच, कधी कधी त्यांच्याहून अधिक, मला त्या माउलीपुढे मस्तक नमवावेसे वाटते.

आता तो रकाना. राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज अन्यधर्मीयांस ही यादी बंद केली. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना ती खुली झाली, ख्रिस्ती दलितांना आजतागायत नाही. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने ही अट काढून टाकावी अशी शिफारस केली, ती कागदावरच राहिली. याचा अर्थ गावात काय होतो, तो मी पाहिला आहे. एक बाप मुलीच्या दाखल्यासाठी अर्ज भरीत होता. पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, त्यावर शाई उडालेली अक्षरे. हातात पेन, आणि धर्माच्या रकान्यापाशी तो हात थांबलेला. मागे रांग खोळंबली होती. शेवटी त्याने ‘हिंदू’ लिहिले, खाली जात लिहिली, आणि कागद पुढे सरकविला. त्या रविवारी उपासनेत हाच गृहस्थ ढोलकीवर होता, आणि प्रभूभोजनाची वेळ आली तेव्हा तो उठून बाहेर गेला. त्याला कोणी अडविले नव्हते.

दुसऱ्या एका घराने रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहिले. त्यांच्या मुलाची शिष्यवृत्ती गेली, राखीव जागा गेली. वस्तीने मात्र त्यांना मांगच मानले, कारण वस्ती आदेशाचे परिच्छेद वाचून शिवाशीव ठरवीत नाही. तो मुलगा आज मजुरीला जातो आणि रविवारी पवित्र शास्त्राचे वाचन करतो. त्याच्या स्थैर्याविषयी माझ्या मनात निस्सीम आदर आहे. पण म्हणून पहिल्या बापाला धर्मबुडवा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पेत्राने एका रात्रीत तीनदा प्रभूला नाकारले, आणि तरी कळप त्याच्याच हाती सोपविला गेला. हे व्यासपीठावरून शिकविणाऱ्या मंडळीने ढोलकी वाजविणाऱ्या त्या माणसाच्या बाबतीत ते विसरू नये.

उपजीविका आणि श्रद्धा यांपैकी एक निवड, असे कोणत्याही न्यायी राज्याने आपल्या प्रजाजनास सांगू नये. म्हणून तो तिसरा परिच्छेद रद्द झाला पाहिजे. तो रद्द होईपर्यंत आमच्या पाळकांना आणि पंचांना माझी हात जोडून विनंती आहे, की ज्यांनी रकाना सोसला त्यांच्या लेकरांच्या शिक्षणाचा भार मंडळीने उचलावा, आणि ज्यांना तो सोसवला नाही त्यांना प्रभूभोजनाच्या वेळी बाहेर जाऊ देऊ नये. मागोमाग जाऊन त्यांना आत आणावे.